बाहेरचं आणि आतलं

वैजापूर तालुक्यातल्या आमच्या गावात माणूस मनाने आजारी पडला की दोनच निदानं होत. पहिलं, ‘सोंग घेतंय.’ आणि सोंग इतके दिवस टिकत नाही हे पटलं, की दुसरं, ‘बाहेरचं आहे.’ बाहेरचं म्हणजे काय हे कोणी फोडून सांगत नसे. ते सगळ्यांना माहीत असे.

माझ्या आत्याच्या वाट्याला ही दोन्ही निदानं आली. १९७२च्या दुष्काळात ती सव्वीस वर्षांची होती आणि दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी ती कामावरून आली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. पुढचे दोन महिने ती जवळजवळ तशीच होती. जेवण नाही, झोप नाही, पोरांना हाक नाही. नंतरच्या बारा वर्षांत असे चार फेरे आले. अंगारे झाले, उतारे झाले, एका ठिकाणी तर तिला साखळीनं बांधून ठेवलं. शेवटी १९८४ साली औरंगाबादला एका डॉक्टरांकडे नेलं. मी तेव्हा बारावीला होतो. चिठ्ठी वाचता येते म्हणून मला बरोबर घेतलं होतं. गोळीचं नाव इमिप्रामिन. डॉक्टर एवढंच म्हणाले, “मेंदूतलं रसायन कमी झालंय, गोळीनं भरून निघेल.”

दहा दिवस गेले. तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ आणि चक्कर, एवढंच पदरात पडलं. रसायन कमी झालंय आणि गोळी रोज पोटात जातेय, तर ते भरून का निघत नाही? घरात हा प्रश्न निघाला आणि शिकलेला म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “दहा दिवसांत गुण नाही म्हणजे लागू नाही.” अकराव्या दिवशी गोळ्या बंद झाल्या आणि उतारे पुन्हा सुरू झाले.

घरातला तो प्रश्न बरोबर होता. चुकलं होतं ते माझं उत्तर. जगभरचे संशोधक त्या काळात नेमक्या त्याच प्रश्नाशी झटत होते, हे मला फार उशिरा कळलं. त्या वाचनात एक नाव पुन्हा पुन्हा समोर येत राहिलं, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉ. विदिता वैद्य यांचं. नैराश्य आणि चिंताविकार यांची मुळं मेंदूत कशी रुजतात, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. त्यांचं काम समजून घ्यायचं तर ‘रसायन कमी झालंय’ ही कल्पना कुठून आली ते आधी पाहावं लागतं. त्या कल्पनेचं एक टोक आपल्याच मातीतल्या एका मुळीशी आहे.

एका मुळीची गोष्ट

वेडाचं मूळ आत की बाहेर, हा वाद आपल्याकडे जुना आहे. चरकसंहितेत उन्मादाचे पाच प्रकार सांगितले आहेत. वात, पित्त, कफ आणि तिघांचा सन्निपात हे चार आतले. पाचवा आगंतू, म्हणजे बाहेरून आलेला. या आजारावर लोक जी औषधं वापरत, त्यांत सर्पगंधेची मुळी होती.

१९३१ साली दोन गोष्टी घडल्या. दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुळीतली काही अल्कलॉइडं वेगळी केली. कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर सर्पगंधा चालते, असा लेख लिहिला. त्या लेखाकडे पश्चिमेत फारसं कोणी पाहिलं नाही. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी मात्र ही मुळी रक्तदाबाच्या रुग्णांवर वर्षानुवर्षं वापरून पाहिली आणि १९४९ साली आपले निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले. त्यानंतर जगाचं लक्ष गेलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या सिबा कंपनीनं मुळीतलं प्रमुख द्रव्य, रिसर्पिन, वेगळं केलं. १९५४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना देऊन त्याचे परिणाम प्रसिद्ध केले. १९५७ साली वैद्यकातला मानाचा लास्कर पुरस्कार ज्यांना विभागून मिळाला, त्यांत क्लाइन होते आणि आपले डॉ. वकीलही होते.

१९५५ साली अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेला आढळलं, की रिसर्पिन दिल्यावर प्राण्याच्या मेंदूतला सेरोटोनिन नावाचा पदार्थ रिता होतो. एका चेतापेशीचा निरोप दुसरीपर्यंत नेणाऱ्या रसायनांपैकी हे एक. लवकरच नॉरॲड्रिनलिन या दुसऱ्या निरोप्याचंही तसंच होतं असं दिसलं. रिसर्पिन घेणारे काही रुग्ण उदास होतात अशा नोंदी येऊ लागल्या. पुढे त्या नोंदींवर शंकाही घेतल्या गेल्या. उलट बाजूनं, क्षयावरच्या इप्रोनियाझिड या औषधानं रुग्णांना उभारी येते असं दिसलं आणि ते औषध हीच रसायनं मोडू देत नाही असं कळलं. दोन्ही टोकं जुळली. रसायन कमी म्हणजे उदासी, रसायन जास्त म्हणजे उभारी. माझ्या आत्याला डॉक्टरांनी जे एका वाक्यात सांगितलं, त्यामागे एवढा इतिहास होता.

या सुबक कल्पनेत एक भोक होतं. इमिप्रामिनसारखी औषधं चेतापेशींमधल्या फटीत काही तासांतच आपलं काम सुरू करतात. रुग्णाला मात्र नीट फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात. भांडं रिकामं आहे आणि पाणी ओतलं की भरतं, एवढाच मामला असता, तर हा उशीर झालाच नसता. नैराश्याच्या रुग्णांत सेरोटोनिन कमी असतंच, याला सातत्यानं पुरावा सापडत नाही, असा आढावा २०२२ साली प्रसिद्ध झाला आणि बराच गदारोळ झाला. औषधं निरुपयोगी आहेत असा काहींनी त्याचा अर्थ लावला. तो बरोबर नाही. मोटर लावल्यावर विहिरीचं पाणी पिकाला मिळालं, म्हणून पीक सुकण्याचं कारण मोटर नसणं हेच होतं, असं कोणी म्हणत नाही. मोटरीचा उपयोग मात्र खरा असतो.

त्या तीन आठवड्यांत काय घडतं

विदिता वैद्य यांच्या घरातच वैद्यकीय संशोधन होतं. आई डॉ. रमा वैद्य आणि वडील डॉ. अशोक वैद्य दोघेही मुंबईतले डॉक्टर-संशोधक. अशोक वैद्य यांनी कंपवातावर खाजकुइलीच्या बियांचा उपयोग तपासला होता. रुग्णाच्या अनुभवातून निघून प्रयोगशाळेकडे जाण्याची, म्हणजे वकिलांनी सर्पगंधेबाबत जी धरली तशी, उलटी वाट त्यांनी आयुष्यभर मांडली. विदिता वैद्य मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकल्या, अमेरिकेत येल विद्यापीठात रोनाल्ड ड्यूमन यांच्याकडे त्यांनी पीएच.डी. केली, स्वीडन आणि ऑक्सफर्डमध्ये पुढचं संशोधन केलं आणि २००० साली कुलाब्याच्या टाटा संस्थेत त्या रुजू झाल्या. २०१५ साली त्यांना वैद्यकशास्त्रातला शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला, २०२२ साली इन्फोसिस पुरस्कार.

ड्यूमन यांच्या प्रयोगशाळेचा प्रश्न आमच्या ओसरीवरचाच होता. गोळी पोटात गेल्यापासून गुण येईपर्यंत मेंदूत काय चालतं? त्यांचं उत्तर असं, की रसायनाची पातळी ही फक्त सुरुवात असते. आठवडेच्या आठवडे तो निरोप मिळत राहिला, की पेशी आपला कारभार बदलते. काही जनुकं अधिक कामाला लागतात आणि चेतापेशींना जगवणारी, त्यांना फांद्या फुटू देणारी प्रथिनं वाढतात. त्यांतल्या सर्वांत चर्चेतल्या प्रथिनाला बीडीएनएफ म्हणतात. सलग काही आठवडे ही औषधं दिलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी जास्त जन्मतात, हेही ड्यूमन यांच्या गटानं २००० साली दाखवलं. हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा आठवण आणि भावना यांच्याशी निगडित भाग. नवी पेशी जन्मून, वाढून, जुन्या जाळ्यात जोडली जायला आठवडेच लागतात. उशिराचं एक कारण इथे सापडत होतं.

मुंबईत आल्यावर वैद्य यांच्या गटानं हा धागा पुढे नेला. नॉरॲड्रिनलिन काढून घेतलं तर प्रौढ उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशींसाठी होणारं विभाजन मंदावतं, हे त्यांनी २००२ साली दाखवलं. पुढे त्यांना एक ब्रेक सापडला. नॉरॲड्रिनलिनचा निरोप घेणाऱ्या ग्राहींचे अनेक प्रकार आहेत. त्यांतला अल्फा-२ हा प्रकार नव्या पेशींच्या निर्मितीला आवर घालतो. २०१० साली या गटानं औषधाबरोबर तो ग्राही बंद करणारं दुसरं द्रव्य उंदरांना दिलं, तेव्हा नव्या पेशी, पोषक प्रथिनं आणि वागण्यातला फरक, तिन्ही लवकर दिसू लागले. त्या प्रयोगातलं औषध इमिप्रामिन होतं. हा लेख वाचताना मी त्या नावाशी बराच वेळ थांबलो.

यातून माणसासाठी झटपट गुण देणारी गोळी लगेच निघत नाही. प्रौढ माणसाच्या मेंदूत नव्या चेतापेशी किती जन्मतात यावरच एकमत नाही. २०१८ साली काही आठवड्यांच्या अंतरानं दोन उलट निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एक म्हणे जवळजवळ नाहीत, दुसरा म्हणे म्हातारपणीही आहेत. पण एक गोष्ट पक्की झाली. तो उशीर औषधाचं अपयश नसून शरीराच्या कामाचा वेळ आहे.

तीन तासांचा दुरावा

यापुढचं त्यांचं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ते ‘आतलं’ आणि ‘बाहेरचं’ यांतली भिंतच पाडतं.

प्रयोग दिसायला साधा आहे. उंदराची पिल्लं जन्मल्यानंतर दुसऱ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत रोज तीन तास आईपासून दूर ठेवायची आणि मग परत आईजवळ सोडायची. त्यानंतर काहीच करायचं नाही. पिल्लं मोठी झाली की त्यांचं वागणं तपासायचं. त्यासाठी अधिकच्या चिन्हासारखा उंचावर ठेवलेला एक सापळा वापरतात. त्याच्या दोन वाटांना भिंती असतात, दोन उघड्या असतात. उंदराला उघड्याची भीती असते आणि नव्या जागेचं कुतूहलही असतं. चिंताग्रस्त उंदीर भिंतींच्या आडच राहतो. लहानपणी दुरावा सोसलेले उंदीर, पुढे सगळं सुरळीत असूनही, जास्त करून आडोशालाच थांबतात. म्हणजे दोन आठवड्यांचा अनुभव त्यांच्या मेंदूत जन्मभरासाठी कुठेतरी नोंदला गेला.

कुठे, ते वैद्य यांच्या गटानं शोधलं. सेरोटोनिनचा निरोप घेणारे किमान चौदा प्रकारचे ग्राही आहेत. कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये, जिथे भीतीवर लगाम ठेवला जातो, तिथे या उंदरांत ५-एचटी-२ या गटातले ग्राही प्रमाणाबाहेर संवेदनशील झाले होते, असं त्यांनी २०१० साली दाखवलं. निरोप तोच, पण ऐकणारा दचकून ऐकत होता. पुढच्याच वर्षीचा प्रयोग त्याहून बोलका आहे. दुराव्याच्या त्याच दिवसांत हे ग्राही औषधानं बंद ठेवले, तर दुरावा सोसूनही ती पिल्लं मोठेपणी चिंताग्रस्त झाली नाहीत.

मग प्रश्न आला, आई न तोडता केवळ पेशी चेतवल्या तर? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कामात त्यांनी जनुकीय तंत्रानं पिल्लांच्या अग्रमेंदूतल्या चेतापेशी त्या दोन आठवड्यांत रोज कृत्रिमरीत्या उत्तेजित केल्या. पिल्लं आईजवळच होती. तरीही मोठेपणी त्यांच्या वागण्यात चिंता आणि हताशा दिसली. तेच उत्तेजन थोड्या मोठ्या किंवा प्रौढ उंदरांना दिलं, तर असा कायमचा ठसा उमटला नाही. वाफसा असतानाच पेरलं तर उगवतं, तसा मेंदूलाही काही घडी आहेत. त्या घडीत जे पडेल ते रुजतं.

२०१३ साली छापून आलेल्या एका अभ्यासानं मला विशेष विचारात पाडलं. लहानपणी ताण सोसलेले उंदीर तरुणपणी हिप्पोकॅम्पसच्या काही चाचण्यांत इतरांपेक्षा सरस निघाले. त्यांच्यात नव्या पेशीही जास्त होत्या आणि बीडीएनएफही. मध्यमवयात चित्र उलटलं. पेशी घटल्या, बीडीएनएफ घटलं, स्मरण ढासळलं. बोअरवेलच्या भरवशावर पहिली काही वर्षं मळा शेजाऱ्यापेक्षा हिरवा दिसावा आणि नंतर खालचं पाणी संपल्याचं कळावं, तसं. लहानपणीच कंबर कसलेली, ‘हिला कशाचं काही वाटत नाही’ अशी ख्याती असलेली माणसं चाळिशीत अचानक का कोसळतात, याचं उत्तर उंदरांवरून देता येणार नाही. पण तो प्रश्न विचारण्याची सोय झाली. आणि याच अभ्यासात प्रौढ वयात नैराश्यावरचं औषध दिल्यावर ही घसरण बरीच सावरली. नोंद खोल असते, पण ती दगडावरची रेघ नसते.

अंगातलं त्राण

नैराश्याचा रुग्ण ‘मला दुःख होतंय’ असं क्वचित म्हणतो. आपल्याकडे तो म्हणतो, “अंगात त्राण नाही. हातपाय गळालेत. उठावंसंच वाटत नाही.” शहरातल्या पुस्तकी प्रश्नावलीत हे शरीराचं गाऱ्हाणं दुय्यम ठरतं. २०१९ साली वैद्य आणि त्यांच्याच संस्थेतले उल्लास कोल्थुर-सीतारम यांच्या गटांनी मिळून जे दाखवलं, त्यानं या गाऱ्हाण्याकडे नव्यानं पाहावंसं वाटतं.

प्रत्येक पेशीत तंतुकणिका असतात. अन्नातून ऊर्जा तयार करणाऱ्या या पेशीतल्या चुली. उंदरांच्या मेंदूच्या बाह्यभागातल्या चेतापेशींना सेरोटोनिन मिळालं, की तंतुकणिका वाढतात आणि पेशीतलं ऊर्जाद्रव्य वाढतं, असं या अभ्यासात आढळलं. हे काम ५-एचटी-२ए या ग्राहीमार्फत होतं, आणि ताणाच्या माऱ्यात अशा पेशी जास्त तग धरतात. ज्याला आपण पन्नास वर्षं केवळ निरोप्या समजत होतो, तो सरपणही पुरवत होता. उंदराच्या पेशीत जे दिसलं तेच रुग्णाच्या थकव्यामागे आहे, हे अजून सिद्ध व्हायचं आहे. पण त्राण नसण्याला मेंदूच्या पेशीतही काही अर्थ असू शकतो, हे यातून कळतं. ‘सोंग घेतंय’ या निदानाला तरी मग काही आधार उरत नाही.

दोष कोणाचा

अशा संशोधनाचे दोन चुकीचे अर्थ पटकन निघतात. पहिला, आईचा दोष. प्रयोगात पिल्लाला आई टाकत नाही. त्याला उचलून नेणारा हात दुसराच असतो. मराठवाड्यातून दरवर्षी हजारो जोडपी ऊसतोडीला जातात, तान्ही मुलं सोबत असतात. पहाटे फडावर गेलेली आई बाळाला पाचटाच्या खोपीत मोठ्या पोरीच्या हाती सोडून जाते. तिथे उचलून नेणारा हात कोणाचा, हा प्रश्न जीवशास्त्रज्ञाला विचारून भागणार नाही. तो उचल देणाऱ्याला, कारखान्याला आणि सरकारला विचारायचा आहे. जीवशास्त्र फक्त सांगतं, की त्या तासांची किंमत कुठेतरी लिहिली जाते.

दुसरा चुकीचा अर्थ म्हणजे नशीब. ‘लहानपणीच ठरलं, आता काय होणार.’ वर सांगितलेले प्रयोग नेमकं उलट सांगतात. ग्राही वेळेवर रोखला तर ठसा टळला. प्रौढपणी औषध दिलं तर घसरण सावरली.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ साली झालं. त्यात मनोविकाराच्या बहुतेक रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत असं दिसलं. महाराष्ट्राची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. त्यांतलं एकही मराठवाड्यात नाही. देवऋषी मात्र जवळ असतो. तो वेळ देतो, घरच्या सगळ्यांना समोर बसवतो, आणि पुढच्या अमावास्येला परत यायला सांगतो. गुण यायला वेळ लागतो हे त्याला ठाऊक असतं आणि तो ते सांगतो.

माझी आत्या २००३ साली गेली. तिची आई, म्हणजे माझी आजी, तिच्या जन्मानंतर नवव्या दिवशी वारली होती. आत्या नात्यातल्या एका घरात वाढली, आणि कामाला वाघीण म्हणून तिचं नाव होतं. तिच्या आजाराचं कारण तेच होतं असं मी म्हणणार नाही. उंदराच्या सापळ्यावरून एका बाईचं आयुष्य वाचता येत नाही. पण तिला बाहेरचं नव्हतं, हे मी आता ठामपणे सांगू शकतो. आणि नुसतं आतलंही नव्हतं. बाहेर जे घडलं ते आत गेलं होतं.

चिठ्ठीवर डॉक्टरांनी गोळ्या महिन्याच्या लिहून दिल्या होत्या. वीस दिवसांच्या उरल्या. आमच्या गावात आजही कोणाला अशा गोळ्या सुरू झाल्या, की मी त्यांच्या घरी जाऊन एवढंच सांगून येतो, की पहिले तीन आठवडे मनाप्रमाणे गुण दिसणार नाही, त्रास झाला तर डॉक्टरांना विचारा, पण आपल्या मनानं बंद करू नका. आत काम चालू आहे.